लिंबाला लागलेली अठ्ठेचाळीस वर्षे

जेम्स लिंड हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एका प्रयोगामुळे माहीत असते. १७४७ साली एका ब्रिटिश युद्धनौकेवर त्याने बारा आजारी खलाशांना सहा वेगवेगळे उपचार देऊन पाहिले आणि स्कर्व्हीवर संत्री-लिंबे गुणकारी असल्याचे दाखवून दिले. वैद्यकातल्या सुरुवातीच्या नियंत्रित चाचण्यांमध्ये तिचा मान मोठा आहे. लिंडची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवली जाते. पण पुढची हकिकत तितकीशी सुखाची नाही. ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस द्यायचे ठरवले ते १७९५ साली. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत हजारो खलाशी स्कर्व्हीने खंगले, मेले. आणि त्यातली पंचवीस वर्षे खुद्द लिंड देशातल्या सर्वांत मोठ्या नौदल रुग्णालयाचा प्रमुख होता.

एखादा उपचार उपयोगी आहे हे सिद्ध झाल्यावरही तो रोजच्या दवाखान्यात, आरोग्य केंद्रात, घरात का पोहोचत नाही, याचा अभ्यास करणारी आता स्वतंत्र शाखा आहे. तिला अंमलबजावणीचे विज्ञान म्हणतात. संशोधनातले निष्कर्ष प्रत्यक्ष उपचारात यायला सरासरी सतरा वर्षे लागतात, हा या शाखेतला बहुचर्चित अंदाज. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि आशा कार्यकर्त्यांमार्फत त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला २०११ साली. बारा वर्षे म्हणजे तसे लवकरच म्हणायचे. लिंडच्या लिंबाला त्याच्या चौपट वेळ लागला. का लागला, हे समजून घ्यायला त्याचे आयुष्य फार उपयोगी पडते.

आधी रोगाविषयी थोडे. मनुष्यप्राण्याला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. ते मिळेनासे झाले की दोन-तीन महिन्यांत शरीरातला साठा संपतो. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडे यांना बांधून ठेवणारे कोलॅजन नीट बनत नाही. माणूस आधी सुस्तावतो, मग हिरड्या सुजून काळ्या पडतात, दात हलतात, पायांवर जांभळे डाग उमटतात, वर्षांपूर्वी भरलेल्या जखमाही पुन्हा उघडतात, आणि एक दिवस साधे उठून उभे राहताना तो कोसळतो. लांबच्या सागरी सफरी सुरू झाल्या आणि खारवलेले मांस व सुकी बिस्किटे यांवर महिनोन्‌महिने जगणाऱ्या खलाशांमध्ये हा रोग माजला. वास्को द गामा परतीच्या वाटेवर १४९८ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून निघाला. अरबी समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले आणि तेवढ्यात त्याचे तीसेक लोक या रोगाने दगावले.

लिंबाचा गुणही अगदीच अज्ञात नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०१ सालच्या पहिल्या सफरीत जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावरच्या खलाशांना रोज सकाळी तीन चमचे लिंबाचा रस दिला होता. ते तगले, सोबतच्या तीन जहाजांवरचे मात्र पटापट आजारी पडले. जॉन वूडॉल या शल्यचिकित्सकाने १६१७ सालच्या आपल्या पुस्तकात लिंबाची शिफारस केली होती. तरीही हे ज्ञान पुनःपुन्हा विसरले गेले. शंभर जणांनी शंभर उपाय सांगितलेले असताना त्यातला एक खरा आहे हे ओळखायचे कसे, याची रीतच कुणाकडे नव्हती.

लिंडचा जन्म ४ ऑक्टोबर १७१६ रोजी एडिंबराच्या एका व्यापारी घरात झाला. पंधराव्या वर्षी तो तिथल्याच एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारीला लागला आणि १७३९ साली नौदलात शल्यचिकित्सकाचा मदतनीस म्हणून भरती झाला. भूमध्य समुद्र, गिनीचा किनारा, वेस्ट इंडीज असे त्याचे फिरणे झाले. त्याच काळात, १७४० ते १७४४ या वर्षांत, जॉर्ज ॲन्सनच्या ताफ्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघालेल्या सुमारे १९०० जणांपैकी १४०० च्या आसपास मेले, आणि त्यातले लढाईत पडलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ॲन्सन लूट घेऊन परतला म्हणून देशात जल्लोष झाला, पण नौदलातल्या विचारी माणसांच्या मनात तो मृत्यूचा आकडा राहून गेला. लिंड त्यांपैकी एक होता.

१७४७ साली तो ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर शल्यचिकित्सक होता. इंग्लिश खाडीत गस्त चालू असतानाच जहाजावर स्कर्व्ही पसरली. २० मे रोजी त्याने शक्यतो सारख्याच अवस्थेतले बारा रुग्ण निवडले, सगळ्यांना एकाच ठिकाणी ठेवले आणि सगळ्यांना सारखेच जेवण सुरू केले: सकाळी साखर घातलेली पेज, दुपारी बहुधा मटणाचे पाणी, रात्री बार्ली, मनुका, भात, साबुदाण्यासारखा सागो. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला रोज सफरचंदाची दारू. दुसरीला गंधकाम्लाच्या पातळ मिश्रणाचे थेंब. तिसरीला व्हिनेगर. चौथीला समुद्राचे पाणी. पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहावीला लसूण, मोहरी, मुळा आणि सुगंधी डिंक यांचे जायफळाएवढे चाटण, वर चिंच घातलेले बार्लीचे पाणी.

या सहा उपचारांपैकी कुठलाही त्याच्या मनचा नव्हता. त्या काळी जाणकार मंडळी जे जे सुचवत होती, ते ते त्याने ओळीने मांडले. गंधकाम्लाची शिफारस मोठमोठ्या वैद्यांची होती. जुन्या, प्रतिष्ठित उपायाला नव्याच्या शेजारी बसवून दोघांची एकाच मापाने परीक्षा घ्यायची, ही त्या प्रयोगातली धाडसाची गोष्ट.

सहा दिवसांत जहाजावरची फळे संपली. पण तेवढ्यात संत्री-लिंबे खाणाऱ्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. दुसऱ्याला बाकीच्या दहा जणांची शुश्रूषा करायला नेमण्यात आले. सफरचंदाची दारू पिणाऱ्यांत थोडी सुधारणा दिसली, उरलेल्यांत फारशी काहीच नाही.

आजचा कुणी संशोधक असता तर दुसऱ्याच महिन्यात निबंध छापून मोकळा झाला असता. लिंडने १७४८ साली नौदल सोडले, एडिंबरा विद्यापीठाची एम. डी. पदवी घेतली, तिथेच व्यवसाय थाटला आणि १७५३ साली स्कर्व्हीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ चारशेहून जास्त पानांचा. त्याआधी या रोगावर जे कुणी जे काही लिहिले होते, ते सगळे त्याने तपासले, निरर्थक ते बाजूला काढले. अशी साधकबाधक झाडाझडती त्या काळात दुर्मीळ होती आणि तेवढ्यासाठीही त्याला मानले पाहिजे. मात्र ‘सॅलिसबरी’वरची चाचणी या सगळ्या पसाऱ्यात जेमतेम काही पानांत, मध्येच कुठेतरी येते. तिच्या मागेपुढे दमट हवा, बंद झालेला घाम, त्यामुळे शरीरात साचणारी दूषिते असा सिद्धान्त पानोपानी पसरला आहे. दमट हवेने कातडीची छिद्रे बुजतात आणि लिंबू ती मोकळी करते, असे काहीसे त्याचे म्हणणे. म्हणजे आपल्या हातातला पुरावा त्याने जुन्या सिद्धान्ताच्या पेटीत बसवला. जो सिद्धान्त मानतो त्याला कोरडी हवा, व्यायाम, स्वच्छता हे उपायही तितकेच महत्त्वाचे वाटणार, आणि लिंडला ते वाटत होते. ग्रंथ वाचून उठलेल्या अधिकाऱ्याला उद्या नेमके काय करायचे, हे कळणे कठीण होते.

यापेक्षा मोठी चूक पुढे आहे. ताजी लिंबे जहाजावर टिकत नाहीत, हे लिंडला पक्के ठाऊक होते. सहाव्या दिवशी फळे संपल्याचा अनुभव त्याने घेतलाच होता. तेव्हा त्याने व्यवहारी तोड काढली. रस गाळून चिनी मातीच्या भांड्यात घ्यायचा, ते भांडे जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवायचे आणि काकवीसारखा दाट होईपर्यंत कित्येक तास आटवायचा. ढीगभर फळांचा रस एका बाटलीत मावायचा आणि हवा तेव्हा पाण्यात कालवता यायचा. कल्पना सुरेख होती. अडचण इतकीच, की आटवताना त्यातले बरेच क जीवनसत्त्व नष्ट होते आणि साठवणुकीत उरलेलेही झपाट्याने जाते. जीवनसत्त्व नावाची काही चीज असते हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याचा दोष देता येत नाही. पण हा पाक आणि ताजा रस यांची जोड्या लावून तुलना करायला जीवनसत्त्व माहीत असावे लागत नाही. ती रीत त्याने स्वतःच घालून दिली होती. ज्या एका ठिकाणी तिची सर्वाधिक गरज होती, तिथे ती वापरली गेली नाही.

१७५८ साली पोर्ट्समथजवळच्या हॅस्लर इथल्या नव्या नौदल रुग्णालयाचा तो प्रमुख वैद्य झाला. भव्य विटांची ती इमारत, पुढे तिथे दोन हजारांच्या घरात रुग्ण मावत. पहिल्या दोन वर्षांतच स्कर्व्हीचे हजारावर रुग्ण त्याच्या नजरेखालून गेले. एवढे रुग्ण हाताशी असताना प्रश्न कायमचा निकालात निघायला हवा होता, असे आपल्याला वाटते. झाले उलटेच. किनाऱ्यावर आलेल्या खलाशाला ताजी भाजी, ताजे मांस मिळे आणि लिंबू दिले काय, न दिले काय, तो बहुधा बरा होई. समुद्रावर ठळक दिसणारा फरक रुग्णालयात पुसट झाला. ग्रंथाच्या १७७२ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत लिंडचा सूर आधीपेक्षा बराच अनिश्चित झालेला दिसतो.

याचा अर्थ तो स्वस्थ बसला होता असा नाही. खलाशांना भरतीच्या वेळीच अंघोळ घालावी, त्यांचे उवा-पिसवांनी भरलेले कपडे काढून स्वच्छ कपडे द्यावेत, आजाऱ्यांना वेगळे ठेवावे, समुद्राच्या पाण्याची वाफ करून पिण्याचे पाणी मिळवावे, अशा सूचना त्याने सतत केल्या. उष्ण प्रदेशात युरोपीयांना होणाऱ्या रोगांवरचे त्याचे १७६८ सालचे पुस्तक खूप वाचले गेले. फक्त लिंबाचे घोडे पुढे सरकत नव्हते.

त्यात कॅप्टन जेम्स कुकच्या सफरी आल्या. १७६८ ते १७७१ च्या पहिल्या सफरीवर त्याने लिंबाचा आटवलेला पाकही नेला होता आणि सातूच्या मोडांपासून केलेला माल्टचा काढाही. जहाज कमालीचे स्वच्छ ठेवायचे, किनारा दिसला की हिरवा पाला गोळा करून खायला लावायचा, आंबवलेला कोबी द्यायचा, हा त्याचा शिरस्ता होता आणि त्याची माणसे स्कर्व्हीने मेली नाहीत. श्रेय कशाला द्यायचे? एकाच वेळी दहा गोष्टी केल्यावर हे सांगता येत नाही. कुकने माल्टच्या काढ्याला झुकते माप दिले. पाक त्याला महागडा आणि बिनकामाचा वाटला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष सर जॉन प्रिंगल स्वतः वैद्य होते आणि माल्टचे पुरस्कर्ते. १७७६ साली सोसायटीने कुकला कोप्ली पदक दिले. माल्ट स्वस्त, देशात पिकणाऱ्या धान्याचा, साठवायला सोपा आणि थोरामोठ्यांना पसंत. पुढची वीस वर्षे जहाजांवर माल्ट जात राहिला. स्कर्व्हीवर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

१७८० साली इंग्लिश खाडीतला ताफा जेमतेम दहा आठवड्यांच्या गस्तीनंतर पोर्ट्समथला परतला, तेव्हा स्कर्व्हीचे २४०० रुग्ण घेऊन. लिंड तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता आणि हॅस्लरलाच होता. त्या एका वर्षात त्याच्या रुग्णालयात स्कर्व्हीचे चौदाशेहून जास्त रुग्ण दाखल झाले. हा माणूस त्या खाटांमधून फिरताना काय विचार करत असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. तीन वर्षांनी तो निवृत्त झाला आणि त्याची जागा त्याच्या मुलाने, जॉनने घेतली.

त्याच १७८० साली आणखी एक स्कॉटिश डॉक्टर, गिल्बर्ट ब्लेन, ॲडमिरल रॉडनीच्या ताफ्याचा वैद्य म्हणून वेस्ट इंडीजला पोहोचला. ब्लेनने स्कर्व्हीवर नवे काहीही शोधले नाही. लिंडचा ग्रंथ त्याने वाचला होता, तेवढे त्याला पुरेसे होते. त्याने प्रत्येक जहाजाच्या शल्यचिकित्सकाकडून दरमहा ठरावीक नमुन्यात आजारी आणि मृतांची नोंद मागवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ताफ्यातल्या सुमारे बारा हजार माणसांपैकी दीड हजारावर मेली होती, शत्रूच्या हातून मेलेली फक्त साठेक. सातात एक. हा आकडा त्याने नौदलाच्या वरिष्ठांपुढे ठेवला आणि लिंबे, भाजी, स्वच्छता यांची मागणी केली. पुरवठा सुधारल्यावर प्रमाण वीसात एकावर आले, तेही त्याने पुढे ठेवले. मेलेल्या माणसाबद्दल हळहळणे वेगळे आणि एवढ्या खलाशांची भर न घालता लढाई लढता येणार नाही, हे ॲडमिरलला पटणाऱ्या भाषेत सांगणे वेगळे. ब्लेनला दुसरे जमत होते. वर त्याची ऊठबस मोठ्या लोकांत होती. १७८५ साली तो राजपुत्राचा वैद्य झाला, लिंडला असे वजन कधीच लाभले नाही.

रसाचा प्रश्नही त्याने निराळ्या रीतीने सोडवला. आटवण्याच्या भानगडीत न पडता रसात थोडे मद्य घालून तो टिकवायचा. आणि खलाशाला तो औषध म्हणून वेगळा न देता त्याच्या रोजच्या ग्रॉगमध्ये, म्हणजे पाणी घातलेल्या रममध्ये, साखरेसह मिसळून द्यायचा. ग्रॉग चुकवणारा खलाशी शोधून सापडला नसता.

१७९४ साली ॲडमिरल गार्डनरच्या आग्रहावरून याची मोठी कसोटी घेतली गेली. २ एप्रिलला कॅप्टन पीटर रेनियरची ‘सफोक’ ही युद्धनौका इंग्लंडहून हिंदुस्थानला निघाली. दर माणशी दर दिवशी जेमतेम चार चमचे रस. वाटेत कुठेही जमिनीला न टेकता तेवीस आठवडे आणि एक दिवसाने, ११ सप्टेंबरला, ती मद्रासला पोहोचली. स्कर्व्हीने एकही माणूस दगावला नव्हता. पंधराएक जणांत लक्षणे दिसली, त्यांचा रस वाढवल्यावर ती गेली.

ती नौका समुद्रात असतानाच, १३ जुलै १७९४ रोजी, गॉसपोर्टला जेम्स लिंडचे निधन झाले. पोर्टचेस्टरच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

पुढच्याच वर्षी ब्लेन नौदलाच्या आरोग्य मंडळावर आला आणि लिंबाच्या रसाचा हुकूम निघाला. संपूर्ण ताफ्यात तो नियमित मिळायला १७९९ साल उजाडले. हॅस्लर रुग्णालयात १८०६ आणि १८०७ या दोन वर्षांत मिळून स्कर्व्हीचे दोन रुग्ण आले.

इथेही गोष्ट संपत नाही. व्यापारी जहाजांना अशा रसाची काटेकोर सक्ती होईपर्यंत १८६७ साल उजाडले. त्याच सुमारास नौदलाने भूमध्य समुद्राकडचे जाड सालीचे पिवळे लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश मळ्यांतले छोटे हिरवे लिंबू घ्यायला सुरुवात केली. आपले कागदी लिंबू ते हेच. ते जास्त आंबट, त्यामुळे जास्त गुणकारी असणार असे सर्वांनी गृहीत धरले. वाफेच्या जहाजांमुळे सफरी लहान झाल्या होत्या, म्हणून फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उपटली, तेव्हा लोकांचा लिंबावरचाच विश्वास डळमळला.

याची झळ थेट आपल्या माणसांपर्यंत आली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूत इथे डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. भाजीपाला संपला, आणि वेढ्यातल्या भारतीय शिपायांना स्कर्व्हीने गाठले. १९१६ च्या उत्तरार्धात त्या आघाडीवरच्या भारतीय सैनिकांमध्ये स्कर्व्हीच्या अकरा हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. ‘सॅलिसबरी’वरच्या प्रयोगाला तेव्हा जवळजवळ एकशेसत्तर वर्षे झाली होती.

मग लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी गिनिपिगांवर प्रयोग करून ती तुलना अखेर केली: पिवळे लिंबू विरुद्ध हिरवे, ताजा रस विरुद्ध साठवलेला. १९१८ सालच्या त्यांच्या निष्कर्षानुसार हिरव्या लिंबाच्या ताज्या रसात पिवळ्याच्या मानाने चौथाई गुण निघाला आणि बाटलीत टिकवलेल्या हिरव्या लिंबाच्या रसात जवळजवळ काहीच नाही. फौजेला तोच पाठवला जात होता. चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी भारतीय शिपायांसाठी दुसरी एक शिफारस केली. मोड आलेल्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याचा गुण येतो. डाळ शिपायांच्या शिध्यात आधीपासूनच होती. भरडलेल्या डाळीऐवजी अख्खे कडधान्य द्यायचे, ते भिजवायचे आणि ओल्या कापडात झाकून ठेवायचे. दोन-तीन दिवसांत मोड येतात.